सर, ती हनुवटी मी सरकवली होती

सर, शेवटच्या दर्शनासाठी तुम्हाला विभूती लावून, हार घालून बसवलं होतं आणि लोक एकेक करून पाया पडत होते. मीही पडले, आणि उठताना तुमच्याकडे बाजूनं बघितलं. आपल्या धंद्याची खोड, दुसरं काय! नाकाच्या शेंड्यापासून हनुवटीपर्यंत मनातल्या मनात रेघ ओढली आणि लक्षात आलं, तुमची हनुवटी चांगली आत आहे की! आयुष्यभर ती दाढीत लपवून तुम्ही निम्म्या जिल्ह्याचे जबडे मागं-पुढं करवलेत. मला एकदम हसू फुटलं. ओढणी तोंडाशी धरली, तर बायकांना वाटलं, पोरीला हुंदका आवरेना. तोही आला, जरा मागून.

हे तुम्हाला सांगायला मजा आली असती. तुम्ही म्हणाला असतात, "मग आधी सांगायचं की, करून घेतली असती." तुम्ही गेल्यापासून अशा बऱ्याच गोष्टी साठल्यात. दवाखाना मी चालू ठेवलाय. पेशंट पायरीवरूनच विचारतात, "मोठे डॉक्टर हाईत का?" मी "नाहीत" एवढंच म्हणते. पुढचं वाक्य अजून जमत नाही.

पण लिहायला बसले ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. मी तुमच्यापासून एक गोष्ट लपवली होती. सास्तूरच्या महालिंगचा चेहरा जबड्याच्या ऑपरेशननंतर कसा दिसेल, याचं जे चित्र मी त्याला कॉम्प्युटरवर दाखवलं, त्यातली हनुवटी कॉम्प्युटरनं काढलेली नव्हती. ती मी माउसनं धरून मागं ओढली होती. दोन मिलिमीटर. तुम्ही विचारलंत तेव्हा मी सॉफ्टवेअरचं नाव पुढं केलं. नंतर अडीच वर्षं हे पोटात ठेवून मी तुमच्या शेजारच्या खुर्चीवर बसले आणि तुमच्याच डब्यातली शेंगाचटणी खाल्ली.

पहिल्यापासूनच सांगते. तुम्हाला गोष्ट मधूनच सुरू केलेली कधी आवडली नाही.

भूमहून मी धाराशिवला आले तेव्हा माझ्याकडे पुण्याची पदवी होती, नवा लॅपटॉप होता आणि शिंगं होती. तुम्ही उजेडाच्या पेटीवर एक्स-रे लावून बसला होतात. त्यावर ट्रेसिंग पेपर, हातात टोक काढलेली पेन्सिल आणि शेजारी काकूंच्या शिवणाच्या डब्यातली कात्री. चेहऱ्याचा बाजूनं काढलेला एक्स-रे, त्यावरून हाडाची रेघ, दातांची रेघ, नाक-ओठ-हनुवटीची रेघ उतरवून घ्यायची. मग कागदातला खालचा जबडा कात्रीनं कापून वेगळा करायचा आणि दात दातांवर नीट बसेपर्यंत मागं सरकवायचा. तो जिथं थांबेल तिथं नवी हनुवटी. हाडाच्या मागोमाग हनुवटीची कातडी जाते, म्हणून ती तुम्ही पक्क्या रेघेनं काढायचात. ओठ मात्र तुटक रेघेनं. मी विचारलं, ओठ असे का? म्हणालात, "हाड सांगितल्यालं ऐकतंय. ओठ न्हाय ऐकत. त्यांचं मी काय बी लिहून देत न्हाय."

मला ती कात्री बघून हसू आलं होतं, सर. मनात म्हटलं, हे गृहस्थ माणसाचा जबडा बेतायलेत की परकर?

आणि तुमची ती दुसरी रीत! पेशंटला "कसं दिसायचंय" असं तुम्ही कधीच विचारलं नाही. "काय खाता येत न्हाय?" हे विचारायचं आणि जे उत्तर येईल ते फाइलच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहायचं. आपलं कपाट उघडलं की बाजारात आल्यासारखं वाटायचं. कणीस, शेव, सफरचंद, पानपट्टी. परंड्याच्या एका मास्तरांच्या फाइलवर "शिट्टी" लिहिलेलं आहे, कारण त्यांना खाण्याचं काही पडलं नव्हतं, पीटीच्या तासाला शिट्टी वाजवायची होती. मी म्हणायचे, सर, हे शास्त्र नाही. तुम्ही म्हणायचात, "शास्त्र तुज्याकडं ऱ्हाऊ दे. घासाचं तेवढं माज्याकडं."

महालिंगच्या फाइलवर तुम्ही "पेरू" लिहिलं. पोरगं तेवीस वर्षांचं, सास्तूरला बियाणं-खताचं दुकान सांभाळायचं. खालचा जबडा इतका पुढं की पुढचे दात एकमेकांना भेटतच नव्हते. लहानपणापासून खिशात छोटी सुरी. पेरू कापून, फोडी दाढेकडं सारून खायचा. दुकानात गिऱ्हाइकाशी बोलताना हात तोंडावर. त्याची आई शरणाक्का सोबत आली होती, आणि तीच जास्त बोलायची.

पहिल्या वर्षात आपण तारा लावून त्याचे दात सरळ केले, तशी हनुवटी आणखीच पुढं दिसायला लागली. ऑपरेशनच्या आधी ते तसंच होतं. वाकडे दात जबड्याचा दोष झाकून ठेवतात, ते सरळ केले की दोष उघडा पडतो. शरणाक्का दारातूनच कडाडल्या, "पोराचं तोंड बरं करा म्हणून आणलं, तुमी तर अजून भाईर काढायलात की!" मी शास्त्र सांगायला तोंड उघडलं. तुम्ही मला थांबवलंत आणि म्हणालात, "आक्का, भूकंपानंतर तुमच्या गावानं नवी घरं बांदली. आधी काय केलं?"

"काय केलं मंजी? दगडं उपसली."

"मग आमी बी तेच करायलाव. दगडं उपसायलाव. जरा दम धरा."

आक्कांनी तुमच्याकडे बघितलं, पदर सावरला आणि खुर्चीवर बसल्या. त्यानंतर त्यांनी कधी तक्रार केली नाही. मला मात्र तुमचा थोडा रागच आला, कारण एवढं सोपं उत्तर मला सुचलं नव्हतं.

आपलं खरं भांडण होतं ते चित्राचं. माझ्या सॉफ्टवेअरमध्ये पेशंटचा फोटो आणि एक्स-रे घातला, हाडं किती सरकवायची ते सांगितलं, की ऑपरेशननंतरचा चेहरा पडद्यावर तयार. खराखुरा, रंगीत. मी म्हणायचे, त्याचा चेहरा आहे, कसा होणार हे बघायचा हक्क आहे त्याला. तुम्ही म्हणायचात, "हक्क हाय की. पण जे तुलाच ठाऊक न्हाय ते त्याला कसं दाखवणार?" मी म्हणायचे, अंदाज तर दाखवता येतो. तुम्ही म्हणायचात, "अंदाज कागदावर दिसतो तवा लोकांना अंदाज वाटतो. फोटोत दिसला की त्यांना वचन वाटतं." यावर मी दहा मुद्दे काढायचे, तुम्ही चहा मागवायचात. भांडण अर्ध्यावर राहायचं ते राहायचंच. खरं सांगू? दिवसातला तो तास मला फार आवडायचा.

ऑपरेशनच्या दोन महिने आधी तुम्ही छातीच्या तपासणीला लातूरला गेलात आणि महालिंग नेमका त्याच दिवशी आला. एकटाच. "मॅडम, कसं दिसंल ते एकडाव दाखवा की." मी दाखवलं. पडद्यावरचा चेहरा आधीपेक्षा कितीतरी चांगला होता, पण हनुवटी थोडी पुढं उरली होती. एवढ्या मोठ्या जबड्याला तेवढं राहणारच. त्यानं बराच वेळ बघितलं आणि अगदी हळू विचारलं, "एवढंच?"

त्या एका शब्दानं माझं काय झालं ते मला अजून नीट सांगता येत नाही. वीस वर्षं तोंडावर हात ठेवून जगलेलं पोरगं आणि आपण त्याला "एवढंच" द्यायचं? मी म्हटलं, थांब, अजून थोडं बसवायचं राहिलंय. आणि ती हनुवटी ओढली. ओठही जरा मिटवले. महालिंगनं तोंडावरचा हात काढला आणि हसला. दीड वर्षात पहिल्यांदा मी त्याला हात न धरता हसताना बघितलं. मग त्यानं मोबाइल काढून पडद्याचा फोटो घेतला. मी त्याला अडवलं नाही.

पुढचं तर तुम्ही लोकांना रंगवून सांगायचात. लोहाऱ्याच्या एका लग्नात तुमच्या पंगतीला बसलेल्या मध्यस्थानं तुमच्या पुतणीसाठी तुमच्याच हातात एक बायोडाटा ठेवला. शिक्षण, दुकान, मामाकुळ, सगळं झकास. आणि फोटो एका बाजूनं काढलेला, मागं राखाडी रंग. तुम्ही विचारलंत, "पावनं, मुलगा आडवा का बघायलाय?" मध्यस्थ म्हणाला, "लाजाळू हाय हो."

माझ्या टेबलावर तो कागद ठेवलात तेव्हा मात्र तुम्ही हसत नव्हता.

"ह्यो कोण?"

"महालिंग."

"न्हाय. ह्यो अजून जल्माला यायचाय. त्येच्या आधी त्येला पोरगी बघायलेत." मग तुम्ही तो फोटो डोळ्यांजवळ धरलात. "हनुवटी लई मागं गेली ही."

"सॉफ्टवेअरनं दिलं तसं आहे, सर."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी लॅपटॉपकडं बघितलं. तुम्ही "बरं" म्हणालात, कागदाची घडी केलीत आणि खिशात ठेवलीत. तिथंच मी बोलायला हवं होतं. तोंडावर आलेलं वाक्य मी गिळलं. जबड्याची डॉक्टर असून माझाच जबडा उघडला नाही.

रविवारी आपण दोघं सास्तूरला गेलो. एसटीनं लोहारा, पुढं जीपमध्ये मेंढरांसारखे दाटून. वाटेत तुम्ही तुरीच्या पिकावर बोललात, माझ्या स्थळांवर बोललात, फोटोवर एक अक्षर नाही. शरणाक्कांच्या घरी उमरग्याची मंडळी पुढच्याच गुरुवारी बघायला यायची होती. फोटो पसंत पडला होता. ऑपरेशन झाल्यावर बोलणी करू, असं ठरत होतं. तुम्ही खाली बसलात, चहा घेतलात आणि म्हणालात, "आक्का, ह्या फोटूची हमी न्हाय. असंच दिसंल म्हणून कुणाला सांगू नका. ह्यो कागद परत घ्या. चूक आमची हाय."

आक्का म्हणाल्या, "मंजी? पोरगं असं दिसणार न्हाय?"

"चांगलं दिसंल. खाईल, बोलंल, हसंल. पर असंच न्हाय दिसणार. मी म्हातारा झालो, माजं ध्यान ऱ्हायलं न्हाय. माजी चूक."

आधी "आमची" म्हणालात, मग "माजी" म्हणालात. मी शेजारी बसून शेंगदाण्याचा लाडू खात होते, सर. तो मी शेवटच्या कणापर्यंत खाल्ला. महालिंग दाराला टेकून उभा होता. त्यानं पुन्हा तोंडावर हात ठेवला. उमरग्याची मंडळी आली नाहीत. त्यांनी वाईट काही म्हटलं नाही, नुसती आली नाहीत.

ऑपरेशन सोलापूरला नीट पार पडलं. आठ दिवसांनी आपल्याकडं आला तेव्हा चेहरा भोपळ्यासारखा सुजलेला, खालच्या ओठाला स्पर्शच कळत नव्हता. आक्का त्याला गाळलेलं वरण आणि जोंधळ्याची पातळ आंबील पाजायच्या. सूज उतरली तसा खरा चेहरा हळूहळू वर आला. चांगलाच होता. पण दर खेपेला मी बघायचे, खुर्चीवर बसला की तो मोबाइल काढायचा, ते चित्र बघायचा, मग समोरच्या आरशात बघायचा. मी हातमोजे घालण्यात उगीच वेळ लावायचे. दोन मिलिमीटर म्हणजे किती, तर नखाच्या काठाएवढं. त्या पोराच्या आणि आरशाच्या मध्ये मी तेवढं अंतर ठेवून दिलं होतं. तो मनासारखा दिसत नाही तो माझ्यामुळं, ऑपरेशनमुळं नाही, हे त्याला कोण सांगणार?

मग एका खेपेपासून त्यानं मोबाइल काढणं बंद केलं. मला वाटलं, सवय झाली असेल. मी सुटकेचा श्वास सोडला आणि कारण विचारलं नाही.

वर्ष झालं त्या दिवशी तुम्ही खण उघडून पेरू काढलात. तारा निघाल्या होत्या. महालिंगनं पेरू हातात फिरवला, कुठून सुरू करावं ते त्याला कळेना. मग पुढच्या दातांनी लचका तोडला. कच्चकन आवाज आला आणि आक्कांनी दोन्ही हात गालांवर ठेवले. त्यानं सगळा पेरू खाल्ला, देठाकडचा भागसुद्धा. बिया दातांत अडकल्या म्हणून तुम्ही त्याला ब्रश कसा करायचा यावर दहा मिनिटं झापलंत.

तो गेल्यावर तुम्ही नवा एक्स-रे पेटीवर लावलात आणि त्यावर तुमचा जुना ट्रेसिंग पेपर ठेवलात. हनुवटीच्या दोन रेघा एकीवर एक बसल्या. मधून केस गेला नसता. ओठ मात्र तुटक रेघेच्या पुढं, जरा जाडच. तुम्ही खूश! "ओठ चुकले बग," म्हणालात, जसं काही पैजच जिंकलात. मग तुम्ही त्याचा समोरून काढलेला फोटो मला दाखवलात. पेरूच्या वेळचाच, तोंड अर्धं उघडं, डोळे बारीक. नव्या बायोडाटावर तोच लागला. नळदुर्गच्या मुलीनं तो बघून होकार कळवला आणि गेल्या उन्हाळ्यात आपण दोघं लग्नाला जाऊन जेवून आलो.

पेरूच्या दिवशी मी सांगणार होते. तुम्ही इतके खुशीत होतात की म्हटलं, उद्या. लग्नाच्या जीपमध्ये सांगणार होते, पण तुम्ही डुलकी घेत होतात. मग ते अंगवळणीच पडलं. तुम्ही आहातच, जाताय कुठं, असं वाटायचं. दुपारी जेवून तुम्ही आरामखुर्चीत टेकलात आणि काकूंनी चहाला उठवलं तर उठला नाहीत. एवढ्या गडबडीत जायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं?

काल नववा दिवस होता. काकूंकडं माणसांची ये-जा चालू होती. महालिंग आणि त्याची बायको सास्तूरहून भेटायला आले. बायको आत काकूंजवळ बसली. तो ओसरीत एकटा होता. तुम्हाला सांगायचं राहिलं ते निदान ज्याचं होतं त्याला तरी सांगावं, म्हणून मी जाऊन शेजारी बसले. म्हटलं, "महालिंग, तुझा तो फोटो. त्यातली हनुवटी मी हातानं मागं घेतली होती. मशिननं नाही. तू 'एवढंच' म्हणालास म्हणून. माझं चुकलं."

तो म्हणाला, "म्हाईत हाय मला, मॅडम."

माझा विश्वास बसेना. "कसं?"

"सरांनी सांगितलं की. तारांची रबरं बदलायला आलो हुतो, तुमी आत हुत्या. मी मोबाइल बघायलो तसं त्यांनी हातातून घेतला. म्हणले, तुजं तोंड जसं व्हायचं तसंच झालंय, कमी काय झालं न्हाय. फोटू जास्ती झाला हुता. त्यांनी त्यो कागद दाखवला मला, पेन्शिलीचा. आपरेशनच्या आदीचा. माजी हनुवटी तितंच हुती, जितं आता हाय." त्यानं हनुवटीवरून हात फिरवला. "तवापसनं मी त्यो फोटू बगितलाच न्हाय. पुसून टाकला."

म्हणजे पहिल्या दिवसापासून, सर? तो कागद माझ्या टेबलावर ठेवलात तेव्हापासून? अर्थात. एक्स-रे तोच, तुमची रेघ तयारच होती. पुतणीचं स्थळ हातात आल्या आल्या तुम्ही फोटो रेघेशी ताडून बघितला असणार. आणि तरी सास्तूरच्या घरात "माजी चूक" म्हणालात.

मी विचारलं, "मग तू मला कधी बोलला का नाहीस?"

"सरांनी शपथ घातली हुती. म्हणले, मॅडमला काय इचारू नको. तिनं तुज्या मायेपायी केलंय, तिला ते डाचत असंल. तीच सांगंल एक दिवस. मी म्हणलं, कवा सांगतील? तर हासले. म्हणले, सांगंल हे पक्कं. कवा, ते तुटक रेघंत हाय. तुटक रेघ मंजी काय, मॅडम?"

मी त्याला सांगितलं. सांगताना दोनदा अडखळले, पण सांगितलं.

तुम्ही मला रागवायला हवं होतं, सर. रीतसर, दार लावून. मी रडले असते, तुम्ही चहा मागवला असता आणि प्रश्न मिटला असता. त्याऐवजी तुम्ही अडीच वर्षं रोज माझ्यापुढं डबा सरकवलात आणि वाट बघितलीत. आज सकाळपासून मी त्यावर रागवायचा प्रयत्न करतेय. जमत नाही. छाती भरून येते आणि बरं वाटतं.

तुमचा अंदाज बरोबर आला, सर. मी सांगितलं. नऊ दिवस उशीर झाला फक्त.